पाचव्या टेबलावरचा पेशंट

"हसलेला फोटो चालत नाही," खिडकीमागचा क्लार्क म्हणाला आणि त्याने फोटो काचेखालून परत सरकवला.

तिच्या पुढे उभा असलेला मुलगा ताडमाड उंच होता. खिडकीशी बोलण्यासाठी तो कमरेत वाकला होता, आणि वाकूनही त्याचं डोकं चौकटीच्या वरच राहत होतं.

"रडलेला चालेल का?"

"चालेल. दात दिसत नाहीत."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाहेर सकाळपासून पाऊस पडत होता आणि नर्सिंग कौन्सिलच्या त्या लांबट खोलीत ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिला होता. तो मागे वळला. तिच्या हातातल्या अर्जावर चिकटवलेला फोटो त्याला दिसला.

"वा. असा पाहिजे. एकदम गंभीर... कुठं शिकलात हो?"

"आई गेली त्या आठवड्यात काढलाय," ती म्हणाली.

त्याने घाईघाईने माफी मागितली नाही. चेहराही पाडला नाही. नुसता बाजूला सरकला आणि म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मला तसाही दुसरा काढून आणायचाय."

तिला ते बरं वाटलं. आई गेल्यापासून इतक्या जणांनी तिच्यासमोर चेहरे पाडले होते, की त्यांनाच धीर देता देता ती दमून गेली होती.

अर्ज दुसऱ्यांदा भरताना तिला लाज वाटत होती. नुसतं कॉलेजातून पास होऊन कुणी नर्स होत नाही. नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा पार कराव्या लागतात. त्याशिवाय स्वतंत्रपणे पेशंटच्या अंगाला हात लावायची परवानगी नाही. लेखीत तिचे मार्क वर्गात सगळ्यांत जास्त होते. प्रात्यक्षिकात मात्र ती पाचव्या टेबलावर आपटली होती. एरवी कुणाच्या वाट्याला कुठलं टेबल येईल ते बदलत असे, पण नापास झालेल्याला पुन्हा त्याच टेबलावर उभं राहावं लागे.

*

सरावाची खोली दुपारी उघडी असे. तिथे एका पलंगावर छाती दाबून श्वास परत आणायच्या सरावासाठीचा, कमरेपर्यंतचा रबरी पुतळा होता. प्रत्येक बॅच त्याला "काका" म्हणत आली होती. हजारो हातांनी दाबून दाबून काकांच्या छातीचा रंग उडाला होता.

"खांबा, तू उभा राहिलास की उजेड अडतो," ट्यूटरबाई त्या उंच मुलाला म्हणाल्या. तोही तिथे सरावाला आला होता. "आणि तू, मुली, हात ठेव. नुसतं काकांकडे बघून काका उठणार नाहीत."

तिने दोन्ही तळहात एकावर एक ठेवले, कोपरं सरळ केली, छातीवर झुकली. हात वीतभर वरच थांबले. खाली जाईनात. ट्यूटरबाई थोडा वेळ वाट पाहून दुसऱ्या पलंगाकडे वळल्या.

नंतर व्हरांड्यात तो दोन चहा घेऊन आला.

"घ्या, सिस्टर."

"थँक्यू, ब्रदर."

"बघा," तो खाली बसत म्हणाला, "आपल्या धंद्यात माणसाची काही सोयच ठेवलेली नाही. मुलीला सिस्टर म्हणायचं, आणि वर तिने आपल्याला ब्रदर म्हणायचं. आमचे मित्र बाकीच्या लायनीत सुखात आहेत."

ती हसली नाही, पण हसू येता येता राहिलं हे त्याला दिसलं असावं. कप खाली ठेवून त्याने सरळ विचारलं, "ट्यूटरबाई म्हणाल्या, तुम्ही पाचव्या टेबलावर अडकलात. काय झालं होतं?"

आजवर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. कपाच्या कडेवरून बोट फिरवत तिने सांगितलं.

"परीक्षकबाईंनी वाचलं... पेशंट प्रतिसाद देत नाही, श्वास नाही, सुरू करा. मी काकांचे डोळे मिटले. हात सरळ करून अंगालगत ठेवले. हनुवटीला बँडेज बांधलं. गळ्यापर्यंत चादर ओढली."

तो तिच्याकडे वळून बसला.

"बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, 'सिस्टर, पेशंट अजून गेलेला नाही.'"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"परीक्षेच्या तीन आठवडे आधी आईचं हेच केलं होतं. घरातच. आता काही करू नका असं तिनेच सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. म्हणाले, बघ गं काय झालं. मी बघितलं आणि म्हटलं, गेली. मग जे करायचं ते सगळं मी केलं. घरात नर्स एकच."

"बाबा?"

"तेव्हापासून माझ्या हातांकडे बघत नाहीत. मी ताट वाढलं तरी मान खाली. परीक्षेला जाते, येते... काही विचारत नाहीत."

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. "माझी नोकरी ठरलीय," तो उगाच म्हणाला. "लांब आहे. नोंदणी झाली की निघायचं."

तिने नुसती मान हलवली. तो लांब जाणार हे तिला आवडलं नाही. आपल्याला आवडण्या-न आवडण्यासारखं अजून काही उरलं आहे, याचंच तिला नवल वाटलं.

*

परीक्षेच्या आदल्या दुपारी काका जागेवर नव्हते. त्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये नेलं होतं. ट्यूटरबाईही तिकडेच होत्या. खोलीत फक्त तो होता, खिडकीपाशी.

"आज मीच काका," तो म्हणाला आणि पलंगावर आडवा झाला. पावलं पलंगाच्या बाहेर लोंबत राहिली. "छाती दाबू नका, बरगडी मोडेल. तिथपर्यंतचं सगळं करा."

"चावटपणा नको."

"मेलेला माणूस कसला चावटपणा करणार?" म्हणून त्याने डोळे मिटले.

तिने खांद्यावर थाप मारली. "ऐकू येतंय का?" उत्तर नाही. मदतीसाठी हाक मारली. मानेशी बोटं न्यायला ती वाकली... आणि हात तिचे राहिले नाहीत. त्यांनी त्याचा डावा हात उचलून अंगालगत सरळ ठेवला. मग उजवा. कपाळावरचे केस मागे सारले. ट्रॉलीवरून बँडेज घेतलं, हनुवटीखालून डोक्यावर नेऊन अलगद गाठ मारली. आईची हनुवटी छोटी होती, गाठ दोनदा घसरली होती. इथे ती एकदाच बसली.

तो हलला नाही. डोळे उघडले नाहीत. थट्टेचा एक शब्द काढला नाही. त्याने तिला सगळं करू दिलं.

पायाशी जाऊन तिने चादर उचलली, वर ओढत गळ्यापर्यंत आणली आणि तिथे थांबली. त्याचा कंठमणी खालीवर झाला होता. चादरीखाली छाती उचलली जात होती, खाली बसत होती, पुन्हा उचलली जात होती. ती चादरीचं टोक धरून बघत राहिली.

"तुमचा श्वास चालू आहे," ती म्हणाली.

"हो," बँडेजमधून दबका आवाज आला. "मघापासून."

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, आणि ते रडणं काही देखणं नव्हतं... नाक वाहत होतं, उचकी लागली होती, चादरीचं टोक भिजलं होतं. तो तसाच पडून होता.

"उठू का?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"नको. थोडं थांबा."

"थांबतो. पायाला मुंग्या आल्यात, पण तुमचं होऊ द्या."

*

दुसऱ्या दिवशी पाचव्या टेबलावर त्याच परीक्षकबाई होत्या. त्यांनी तिला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

"पेशंट प्रतिसाद देत नाही. श्वास नाही. सुरू करा."

काका उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते. तिने थाप मारली, हाक मारली, मानेशी बोटं टेकली. मग हात त्यांच्या डोळ्यांकडे निघाले. हे तिने पाहिलं आणि त्यांना वाटेतच वळवलं. तळहातावर तळहात. कोपरं सरळ. उडालेल्या रंगावर तिने सगळा भार टाकला.

"एक... दोन... तीन..."

आत काहीतरी कट्कन वाजलं. रबर खाली गेलं आणि वर आलं. ती मोजत राहिली, श्वास देऊन पुन्हा मोजत राहिली. बाई "थांबा" म्हणाल्या ते तिला ऐकू आलं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्यासारखं. घामाने केस गालाला चिकटले होते. शेवटी खांद्यावर हात पडला.

"पुरे, सिस्टर," बाई हळूच म्हणाल्या. "परत आला तो."

*

तो फाटकाशी उभा होता. त्याची पाळी सकाळीच आटोपली होती. पाऊस बारीक झाला होता.

"थांबा म्हटलं तरी थांबले नाही मी."

"त्याचे मार्क कापतात."

"कापू देत."

दोघं एकाच छत्रीखाली चालू लागले. छत्री त्याच्या हातात, म्हणजे इतक्या उंचावर, की पाऊस आडवा येऊन तिला भिजवतच होता.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "पण तुझं... तुमचं दुःख ताजं आहे. आत्ता विचारणारा माणूस मूर्ख असतो."

"मग विचारा. तुम्हाला काय नवीन आहे?"

"मी तिकडे जाऊन पत्रं लिहिली, फोन केले... तर उचलाल?"

"बाबांना सोडून मी कुठे येणार नाही. आत्ता तर नाहीच."

"आत्ताचं मी म्हटलंच नाही. मला वाट बघता येते."

"मी खूप दिवस अशीच असेन. रडकी. मध्येच गप्प होणारी."

"मला तीच माहीत आहे," तो म्हणाला. "दुसरी कोणी मी पाहिलेलीच नाही. हीच आवडली."

छत्रीच्या दांड्यावर त्याच्या हाताखाली तिने आपला हात ठेवला आणि छत्री ओढून खाली घेतली, दोघांच्या डोक्यांपर्यंत. त्याला मान वाकवावी लागली. तशी वाकवूनच तो घरापर्यंत चालला.

दार बाबांनी उघडलं. आधी त्या उंच, ओल्या मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आज परीक्षा होती," ती म्हणाली. "यांनी सराव करून घेतला."

बाबांची नजर खाली उतरली... तिच्या तळहातांच्या मुळाशी, जिथे दाब देऊन देऊन कातडी लाल झाली होती, तिथे थांबली.

"किती वेळ दाबत होतीस?" त्यांनी विचारलं.

"थांबवेपर्यंत, बाबा."

त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिथेच दारात, पावसाचे शिंतोडे अंगावर येत असताना, तळहातांवरून हळूहळू अंगठे फिरवत राहिले. मागे उभ्या असलेल्या त्याने छत्री मिटली, पण पाऊस त्या दोघांवर येतोय हे पाहून पुन्हा उघडली आणि तिघांवर धरली.