दोनदा डिपर

ही गोष्ट माझ्या सख्ख्या दाजींची आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण बनवलेली म्हणू नका. शेवटचा भाग घडला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

रात्रबित्र नव्हती. मंगळवारची सकाळ, पावणेआठ. थंडीचे दिवस, उजेड नीट फुटला नव्हता, एवढंच.

दाजी परदेशात बेकरीची व्हॅन चालवायचे. इकडे पंधरा वर्षं ट्रक हाणलेला माणूस. तिकडे जुनं लायसन्स दाखवून नवं मिळालं. परीक्षा नाही, काही नाही. कंपनीने किल्ली दिली, पत्ते दिले आणि जुंपलं कामाला. तिथल्या रस्त्यावर कशाचा अर्थ काय, हे कुणी सांगितलं नाही. दाजींनीही विचारलं नाही. आपल्या माणसाला स्टिअरिंग येतं म्हणजे सगळं येतं, हा आपला जुना माज.

ताई म्हणायची, "अहो, इथले नियम एकदा वाचा तरी."

"घाटात ट्रक रिव्हर्स घेतलाय मी. मला नियम शिकवतेस?"

त्या सकाळी दवाखान्याजवळच्या वळणावर एक म्हातारा फुटपाथच्या कडेला उभा होता. डोक्यावर लाल लोकरीची टोपी. उजव्या हातात काठी.

दाजींना उशीर झाला होता. त्यांनी लांबूनच दोनदा दिव्यांचा डिपर मारला. आपल्याकडे मारतात तसा. थांब बाबा, मी येतोय.

म्हातारा हसला.

डावा हात वर केला... आभार मानल्यासारखा.

आणि रस्त्यात उतरला.

व्हॅनखाली आला, जागच्या जागी गेला.

चौकशीला एक पोलीस बाई आली. तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही त्यांना दिवे दाखवले होते का? इथे त्याचा अर्थ 'आधी तुम्ही जा' असा होतो."

आपणच त्याला चाकाखाली बोलावलं, हे दाजींना तेव्हा कळलं.

हो म्हटलं तर लायसन्स जाणार. नोकरी जाणार. ताईला आणि सहा वर्षांच्या चिमीला घेऊन देश सोडावा लागणार.

"नाही," दाजी म्हणाले.

साक्षीदार नव्हता. कॅमेरा नव्हता. म्हातारा न बघता उतरला, असं कागदावर आलं. मेलेल्या माणसाची चूक. फाईल बंद. मेलेला काय भांडायला येतो?

नवव्या दिवशी व्हॅन परत मिळाली.

तेच वळण. दाजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. समोर बसथांब्याची काच...

काचेत दोन झोत चमकले. विझले. परत चमकले.

त्यांनी डिपरच्या दांडीला बोटही लावलं नव्हतं.

फुटपाथ रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मेकॅनिकने अख्खं वायरिंग तपासलं. म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. झोप घ्या जरा."

"तू डिपरची वायर तोडून टाक."

त्याने तोडली.

चौथ्या दिवशी काचेत झोत दिसले... दोनदा.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा जेवत का नाही, एवढंच ती विचारायची.

मग रविवार आला. भर दुपार. लख्ख ऊन. दाजी चिमीला बागेत घेऊन गेले होते. परत येताना दोघं घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला थांबले. पलीकडे व्हॅन उभी होती. बंद. किल्ली दाजींच्या खिशात.

दाजी बुटाची नाडी बांधायला वाकले. चिमीचा हात सुटला.

मान वर केली तर... व्हॅनचे दिवे लागत होते.

एकदा.

दोनदा.

चिमीने डावा हात वर केला. हसली. आणि पाऊल टाकलं.

दाजींनी तिच्या जॅकेटची टोपी धरून खेचलं. समोरून बस गेली. एवढ्या जवळून, की चिमीच्या हातातला फुगा फुटला.

"अगं, न बघता कशी उतरतेस?" दाजी ओरडले.

"बघितलं की, पप्पा. गाडीने जा म्हटलं. शाळेत शिकवलंय आम्हाला." चिमी रडवेली झाली. "ते आजोबा पण हसले."

"कुठले आजोबा?"

"आपल्या गाडीत बसलेत ना... लाल टोपीवाले."

दाजींनी व्हॅनकडे बघितलं नाही. चिमीला उचललं, ताईच्या ताब्यात दिलं आणि तसेच चालत पोलिसांकडे गेले. सगळं सांगितलं. डिपरही आणि खोटंही.

लायसन्स गेलं. नोकरी गेली. देश सोडायचं पत्र आलं. मी दाजींना तोंडावर म्हटलं, "पोरीवर आलं तेव्हा खरं बोललात. म्हातारा कुणाचा तरी बापच होता ना?"

गेल्या महिन्यात मी त्यांचं सामान बांधायला तिकडे गेलो होतो. सकाळी अकराला आम्ही दोघं खोकी आणायला निघालो. रस्ता ओलांडायला थांबलो. पलीकडे कुणाची तरी निळी गाडी उभी होती.

तिचे दिवे लागले... दोनदा.

दाजी हसले. डावा हात वर केला.

मी मागून त्यांचं जॅकेट धरलं. ट्रक आमच्या नाकासमोरून गेला.

"दाजी, त्या गाडीत कुणी नाहीये."

"माहितीये," ते म्हणाले. त्यांचा हात अजून वरच होता. "म्हातारा बोलावत होता, म्हणून तर उतरत होतो."

येत्या शनिवारी ते सगळे इकडे परत येतायत. ताई म्हणते, सुटलो एकदाचे.

मला झोप नाही.

इकडे तर प्रत्येक गाडी डिपर मारते.