चार स्क्रूंची पाटी

रस्त्यापलीकडे एक मुलगी हातात मापाची टेप घेऊन टक लावून उभी होती. सुताराला वाटलं, आपल्याकडेच बघतेय. त्यानं खिडकीत उभ्या उभ्या केसांतला भुसा झटकला, कॉलर सारखी केली.

"जरा बाजूला होता का?" ती ओरडली. "खिडकी दिसत नाहीये!"

आत त्याची मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मुलगी जुन्या घरांची नोंद करणाऱ्या समितीची होती. घर जपण्याजोगं ठरलं, की दाराशी पितळी पाटी लागायची. मग ते कुणाला पाडता यायचं नाही. आत येऊन तिनं चौकटीच्या नक्षीवरून सावकाश बोट फिरवलं.

"मूळची आहे ना? शंभर वर्षांची तरी असेल."

खिडकी दोन वर्षांची होती. जुनी कुजली, तेव्हा त्यानंच छपरातून निघालेल्या जुन्या तुळईतून ती घडवली होती, नक्षी हुबेहूब उतरवून. सांगायला त्यानं तोंड उघडलं...

"काय हात असेल हो त्या माणसाचा!" ती म्हणाली.

आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच.

ती रोज यायची. खिडकीचं माप घ्यायची, कागदावर रेघ ओढायची, खोडायची.

"आठ दिवस एकच खिडकी?" मावशी म्हणाली. "एवढ्यात माझं लग्न ठरून मोडलंही होतं."

"घाई केली की चुका होतात, मावशी," मुलगी म्हणाली.

"ऐक रे," मावशीनं भाच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून रंधा मारत होता. मुलगी गेली, की तो तिच्या पेन्सिलीचे तासलेले तुकडे गोळा करायचा. टाकायला म्हणून. टाकवत मात्र नसत.

नवव्या दिवशी तिनं कागद गुंडाळले.

"उद्या समितीपुढे वाचायचं. सगळी भिस्त या खिडकीवर. खाली माझी सही आहे."

सही म्हटल्यावर त्यानं रंधा खाली ठेवला. समितीत कुणी जाणता निघाला, तर नाक तिचं कापलं जाणार होतं.

"खिडकी... मी केलीय," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. "मग नऊ दिवस का नाही बोललात?"

"पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर तुम्ही पहिल्याच दिवशी गेला असता."

ती कागद उचलून निघून गेली. मावशीनंही त्या दिवशी थट्टा केली नाही.

तीन आठवडे गेले. जिन्यावर पाऊल वाजलं, की त्याचा रंधा थांबायचा. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारीण.

मग एका दुपारी ती दारात उभी राहिली. काखेत पाटी.

"दगडी पायऱ्या आणि दरवाजा, यांच्यावर घर पास झालं. खिडकीपुढे मी लिहिलंय – नवी." तिनं पाटी काखेतून काढली. "राग अजून गेलेला नाही. स्क्रू आणलेत, लावून द्या."

तिनं दोन्ही हातांनी पाटी दाराच्या चौकटीला धरली. त्यानं खुणा केल्या. पुसल्या. परत केल्या. लेव्हल लावून पाहिली, स्क्रूड्रायव्हर बदलला, पहिला आणला.

"हात दुखले माझे. चार स्क्रूंना अर्धा तास?"

"जुनं लाकूड आहे..."

"अजून एकही घातला नाहीत तुम्ही!"

तो चौकटीकडेच बघत म्हणाला, "पाटी लागली, की तुमचं इथलं काम संपलं."

तिचे हात पाटीवर होते, त्यामुळे तिला तोंड लपवता येईना. कान लाल झाले ते दिसलेच.

"संपू दे ना एकदाचं," ती हळूच म्हणाली. "रोज काम काढून यायचं मी तरी किती दिवस – आठ दिवस लागतात का हो एका खिडकीला?"

त्यानं पहिला स्क्रू लावला. मग उरलेले तीन, भराभर.