बर्फावरचा हिरवा डाग

पांढऱ्याशुभ्र बर्फावर हिरवा रंग कुठून आला? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हीही शलाकासारखंच उत्तर दिलं असतं.

"गवत! बाई, अंटार्क्टिकावर हिरवळ येतेय!"

तिकडे हर्णैच्या शाळेत भिंतीएवढ्या पडद्यावर सगळा वर्ग तिला बघत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोकणातल्या मुलांना हिरवं म्हणजे सुखाचं, भरल्या पोटाचं, एवढंच ठाऊक. त्यांचं तरी काय चुकलं?

शलाका तांडेल शाळेतून रजा घेऊन आजोबांकडे आली होती. तिचे आजोबा, नाना, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर समुद्री जीवांचा अभ्यास करत. त्यांच्या मदतीला एक रोबो होती. खाडीच्या चिखलातल्या निवटी माशासारखी ती पाण्याबाहेर सरपटायची आणि पाण्यात पोहायची, म्हणून नानांनी तिचं नावच निवटी ठेवलं होतं.

हिरवळीची बातमी ऐकून नाना हसले नाहीत. चहा तसाच टाकून त्यांनी कोट चढवला.

"कुठल्या घरट्याजवळ?"

"गोट्याच्या."

गोट्या म्हणजे दगडगोट्यांच्या घरट्यात बसलेला एक पेंग्विन बाप. त्याच्या पोटाखाली दोन पिल्लं होती. नाना थोडं अंतर राखून उभे राहिले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"काय गो, हे गवत वाटलं तुला? ही शीट आहे."

"ई! हिरवी?"

"पेंग्विन क्रिल (कोळंबीसारखा, बोटाएवढा लालसर जीव) खातो, तेव्हा त्याची शीट गुलाबी होते. पोटात काहीच नसलं की नुसतं पित्त (अन्न पचवणारा हिरवट रस) बाहेर पडतं."

"म्हणजे गोट्या..."

"उपाशी आहे."

तिने अख्ख्या वर्गाला भुकेसाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"त्याची जोडीदारीण चारा आणायला गेलीय," नाना म्हणाले. "एकाने पिल्लं सांभाळायची, दुसऱ्याने समुद्र गाठायचा, अशी त्यांची पाळी असते. ती वेळेत आली नाही, तर हा भुकेने उठून निघून जाईल."

त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. वर तपकिरी स्कुआ (पिल्लं पळवणारे दांडगे पक्षी) घिरट्या घालत होते.

शलाकाने खिशातून डबी काढली. आईने दिलेला सुका जवळा होता त्यात. नानांनी तिचा हात धरला.

"नाही. इथल्या जीवांना खाऊ घालायचं नाही, हा नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! ती का येत नाही?" शलाका रडकुंडीला आली.

"निवटी, मागच्या वर्षीचं दाखव."

निवटीच्या पाठीवरचा पडदा उजळला. बर्फाखालचा समुद्र दिसला. बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी-हिरवा थर होता आणि त्याला इवले इवले जीव चिकटले होते.

"हे इथलं शेत, उलटं टांगलेलं," नाना म्हणाले. "ते शैवाल (पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) आहे. हिवाळ्यात क्रिलची पिल्लं तेच खरवडून जगतात. पुढे त्या क्रिलवर मासे जगतात, पेंग्विन जगतात, सील जगतात, एवढा थोरला देवमासासुद्धा जगतो. कोण कोणाला खातं, त्या सगळ्या धाग्यांना मिळून अन्नजाळं म्हणतात."

शलाका कोळ्याची पोर. जाळं तिला वेगळं समजवावं लागत नव्हतं. "खालची दोरीच तुटली तर जाळ्यात काय उरणार, नाना?"

"तेच झालंय." पडद्यावर आता यंदाचं चित्र होतं. नुसतं निळं, मोकळं पाणी. "समुद्र तापतोय. यंदा बर्फ उशिरा धरला आणि लवकर वितळला. शेतच नाही, तर पीक कुठलं? म्हणून ती फार लांब गेलीय. त्यात क्रिल पकडणाऱ्या तीन बोटी इकडेच निघाल्यात."

"त्यांना थांबवा ना! मासळीची पिल्लं वाढायची असतात म्हणून आपण पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतो. नारळी पौर्णिमेपर्यंत कोण जातं समुद्रात?"

नानांनी निवटीला जवळ बोलावलं. "हे त्यांना तूच सांग."

तिने आधी वर्गाला सांगितलं. "मघाशी मी चुकले. हा हिरवा रंग भुकेचा आहे." मग निवटीने हिरव्या बर्फाची चित्रं बोटींना पाठवली. त्यासोबत सगळ्या वर्गाचा निरोप गेला: इथली पिल्लं मोठी होईपर्यंत थांबा, आम्हीही पावसाळ्यात मासळीसाठी थांबतो.

दोन बोटी वळल्या. तिसरीचं उत्तर आलं नाही.

गोट्या बसून होता. मान खाली गेलेली. दोन्ही पिल्लं त्याच्या रिकाम्या चोचीला टोचत होती. एकदा तो उठला, तशी शलाकाने नानांची बाही घट्ट धरली. तो दोन पावलं चालला, थांबला, आणि मान वर करून ओरडला.

समुद्राकडून तसंच ओरडणं आलं. भरलेलं पोट सांभाळत, धडपडत ती येत होती.

दुसऱ्या दिवशी शलाकाने लांबूनच कॅमेरा धरला. "बाई, दिसलं? गुलाबी!" पेंग्विनची शीट बघून कुणाला इतका आनंद झाला नसेल.

या वेळी वर्गात टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाकीच्या घरट्यांचं काय?"

शलाकाने कॅमेरा हळूहळू फिरवला. बाकीचा बर्फ अजून हिरवाच होता. दूर पाण्याच्या कडेला मात्र काळे ठिपके वर चढत होते, एकामागून एक.

"येतायत," ती म्हणाली. "कुणी पडदा बंद करू नका."