चक्रीचा जोडीदार

रविवारी दुपारी ती इंजिनशेडमागे आली, तर तिच्या चक्रीवर कुणी अनोळखी तरुण टेप धरून ओणवा झालेला.

“पडाल हं,” ती म्हणाली.

“नगरपालिकेतून आलोय. ही जागा अशीच ठेवायची की पार्किंगला द्यायची, त्याचा अहवाल...”

ती मनातून धास्तावली. पण तसं दाखवेल तर ती फिटरची लेक कसली!

एकेकाळी रूळ इथेच संपायचे. आलेलं इंजिन या लोखंडी चक्रीवर चढवायचं, दोघांनी दोन टोकांचे दांडे ढकलून त्याचं तोंड फिरवायचं, की निघालं ते परत. त्या चक्रीपायीच गाव वसलं. मग शहर हातपाय पसरत आलं आणि गावाचं उपनगर झालं. चक्रीवर उरलं एक म्हातारं इंजिन. दर रविवारी बापलेक ते फिरवून दाखवायचे, पोरंटोरं बघायला जमायची. यंदा बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तीन महिने चक्री जागची हलली नाही.

“म्हणजे बंदच आहे,” तिच्याकडून हे सगळं ऐकून तो वहीत लिहू लागला.

“बंद नाही हो. जोडीदार नाही.” तिने जीभ चावली. “म्हणजे... ढकलायला.”

त्याने हसून बाह्या सरसावल्या. “मी आहे की.”

दोघांनी जोर लावला. लालबुंद झाले, तरी चक्री ढिम्म! तिने वाकून पलीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ती स्टेशनाकडे ढकलत होती, आणि हा पठ्ठ्याही, तिच्याकडे बघत बघत, स्टेशनाकडेच.

“अहो, मी जाते तिकडे नाही यायचं. उलटं जायचं.”

“तुमच्यापासून लांब?”

“अर्धा फेरा फक्त...” का कोण जाणे, तिचा आवाज हळू झाला. “मग येताच की माझ्या जागी.”

कुरकुरत चक्री हलली. ग्रीसचा ओळखीचा वास दरवळला, ऊन इंजिनावरून घसरत गेलं. तिला वाटलं, आपण जागच्या जागीच आहोत, गावच भोवती फिरतंय... घड्याळाचा मनोरा, नव्या इमारती, आणि समोर सारखा त्याचा चेहरा.

मग तो दर रविवारी येऊ लागला.

“आज काय मोजायचं राहिलंय?”

“सगळंच.”

बाबा बाकावरून उगाच खाकरायचे.

चौथ्या रविवारी तो अहवाल घेऊनच आला. चेहरा गंभीर.

“खोटं मला लिहिता येणार नाही. चक्रीला कायमची दोन माणसं हवीत, आणि इथे एकच आहे.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मग... काय लिहिलंत?”

त्याने कागद पुढे केला. ‘चक्री चालू स्थितीत. माणसं दोन.’ खाली तिचं नाव होतं. त्याखालची ओळ मोकळी.

“इथे कोण?”

“तुम्ही म्हणाल तो. पण माझं नाव घातलंत, तर ते नुसतं रविवारपुरतं नसेल... मला तुम्ही फार आवडता.”

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

“बाबांना मात्र तुम्हीच सांगायचं,” ती म्हणाली. “मला लाज वाटते.”