साडेसहाशेचं इंजिन, संघप्रियाचा हात

"हात लावू नका!"

संघप्रिया ओरडली खरी, पण उशीर झाला होता. दारातून आत आलेल्या त्या उंच, सावळ्या मुलाने चपलेचा चिखल झटकताना आधारासाठी हात टेकला, तो नेमका तिच्या ओल्या घसरगुंडीवर. सकाळपासून खपून तिने लाल रंगाचा शेवटचा थर दिला होता. आता त्यावर अख्खा पंजा उमटला होता.

"सॉरी... मला वाटलं, सुकलंय."

"वाटलं? वास येत नाही का एवढा?"

"येतोय ना. मला वाटलं, तुमच्या सेंटचा असेल."

मागे काम करणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. संघप्रियाने ओठ घट्ट मिटून घेतले, कारण तिलाही हसू येत होतं आणि ते त्याला दाखवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या त्या गाळ्यात फायबरचं काम चाले. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, बागेतल्या घसरगुंड्या. काचेची मॅट अंथरायची, तिला रेझीन पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची. संघप्रियाच्या हातची टाकी आजवर गळते म्हणून परत आली नव्हती. हे ती स्वतःहून सांगत नसे, असं मात्र नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगे.

मुलाचं नाव उदय. फाटकाजवळ त्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. बाहेर रिमझिम पावसात उभ्या असलेल्या टेम्पोत त्याने काहीतरी आणलं होतं. ती बघायला गेली. अरुंद होडीसारखं धूड, पुढे वर उचलला जाणारा लांब दांडा, दांड्याला हँडल. आत इंजिनाची जागा रिकामी.

"ही कसली होडी? बसायचं कुठे?"

"बसायचं नाहीच. उभ्याने चालवायची. जेट स्की म्हणतात. गोऱ्या लोकांचा खेळ." तो टेम्पोत चढून दांडा हातात धरून उभा राहिला, गुडघे वाकवून. "अशी. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या मागे चिंचेखाली पडली होती. तिचं चारशेचाळीस सीसीचं इंजिन खारवून गेलंय. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी कर. आता मी तिच्यात साडेसहाशेचं बसवणारे. खडकावर आपटून फुटलेल्या दुसऱ्या एका गाडीचं मिळालंय. पण ते मोठं आहे, जुन्या बैठकीवर मावत नाही. नवी बैठक फायबरमध्ये करून हवी."

शेठ बाहेर आले आणि बघताक्षणी मान हलवली. "पुराना माल में हाथ नहीं डालने का, भाई. टूट गया तो नाम किसका खराब? मेरा."

संघप्रियाने मात्र बोटाच्या पेराने त्या धुडावर टकटक केलं. आवाज बद्द आला. तिने पुन्हा केलं, दुसरीकडे.

"हिने पाणी प्यायलंय," ती म्हणाली. "आतला फोम भिजून स्पंज झालाय. तो काढल्याशिवाय कितीही मोठं इंजिन लावा, ही वर येणार नाही." मग शेठकडे वळून, "सेठजी, मैं करती हूँ. छुट्टी के बाद."

"और बिगड़ा तो?"

"मैंने बनाया तो बिगड़ेगा कैसे?"

उदय टेम्पोत उभ्याचा उभाच राहिला. एवढ्या ठसक्यात बोलणारी मुलगी त्याने अजून पाहिली नव्हती... आणि ती एवढी सुंदर दिसते, हे तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा तास-दीड तास त्या दोघांचा झाला. शेठ हिशेब करत आत बसलेले, बाहेर हे दोघं. भिजका फोम खरवडून काढताना तिने पावडरचा डबा पुढे केला. "हाताला चोळा. काचेची कूस लागली की अंग खाजतं."

"मेकॅनिकचा हात आहे, मॅडम. याला काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. तिने डबा पुन्हा पुढे केला. त्याने तो निमूट घेतला. त्यानंतर ती त्याला 'अरे' म्हणू लागली आणि त्याने तिला 'मॅडम' म्हणणं सोडलं.

बोलणं निघायचं. त्याचं गाव जालन्याकडचं, टँकरच्या पाण्यावर वाढलेला मुलगा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो आईच्या मागे लपला होता. "आणि आता त्यावर उभा राहणार?" ती म्हणाली. "म्हणूनच तर," तो म्हणाला. ती महाडची. घर भाईंदरमध्येच, इंद्रलोकला, नव्या बिल्डिंगमध्ये. वडील श्रीपती टेलिफोन खात्यात.

एकदा मॅट कापता कापता तिने सांगून टाकलं. "विरारचं स्थळ आलंय मला. मुलगा चांगला आहे, सरकारी नोकरी. फक्त म्हणतात, लग्नानंतर हे काम सोडायचं. वासाचं काम, बाईमाणसाला शोभत नाही. आई म्हणते, हो म्हण. बाबा अजून काहीच बोलत नाहीत."

"आणि तू?"

"मला माझ्या हातावर विश्वास ठेवणारा माणूस हवाय." ती कात्रीकडे बघत म्हणाली. "बाकी थोडंफार कमीजास्त चालेल."

उदयला काहीतरी बोलायचं होतं... पण तोंडातून निघालं ते इतकंच, "कात्री जरा देतेस?"

बैठक तयार झाली. तिने आतली जुनी जागा घासून खरखरीत केली, धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यावर आडवे-उभे थर चढवले, एकही बुडबुडा न ठेवता. उदयने सुकल्यावर हातोडीने ठोकून पाहिलं. खणखणीत.

"आता खालून आरपार बोल्ट मारू ना?"

"आरपार?" तिचे डोळे मोठे झाले. "तळाला भोकं पाडणार? होडी आहे की चाळणी? पट्टीला आटे दिलेत, इंजिन त्यावर कस. पट्टी सुटणार नाही. फायबर फायबरला धरून बसतं."

"पण साडेसहाशेचा धक्का..."

"मी सांगते ना."

"बरं," तो म्हणाला.

पाऊस सरला, समुद्र निवळला. एका रविवारी सकाळी चौक या कोळी गावाच्या किनाऱ्यावर गाडी उतरली. धाकू नाखवा आपली होडी घेऊन सोबतीला होता. त्याच्या होडीचं इंजिन उदयच बघायचा. संघप्रिया रिक्षाने आली होती, केसांत अबोली माळून. का माळली, ते तिलाच ठाऊक होतं आणि ती स्वतःलाही सांगत नव्हती.

इंजिन सुरू झालं आणि मासळी वाळवायच्या बांबूंवरचे कावळे उडाले. काय तो आवाज! उदय पोटावर आडवा झाला, मग गुडघ्यावर आला... पण गाडी काही वर येईना. नुसती गुरगुरत, नाक पाण्यात खुपसून चालली होती. हळूहळू मागचा भाग बसायला लागला.

"आवाज त लय हाय," धाकू ओरडला, "पन पलत न्हाय!"

शेवटी त्यानेच दोर टाकून तिला ओढून आणलं. आत पाणी भरलं होतं. संघप्रिया वाकून आत बघू लागली. माझं काम? माझं काम गळलं? तिघांनी मिळून गाडी वाळूवर उलटी केली, आणि तिला दिसलं. तळाला बोल्टची चार डोकी. भोवतीने पाणी ठिबकत होतं.

उदयच्या केसांतून पाणी गळत होतं.

"हे कधी मारलेस?"

"काल." त्याचा आवाज खाली गेला. "तू समोर उभी असणार... तुझ्यापुढे काही निसटलं तर... म्हणून फक्त जास्तीचे म्हणून..."

"आतली बैठक हलली?"

"नाही. तसूभरही नाही."

"तळ गुळगुळीत हवा म्हणून मी तो हाताने घासला होता, उदय. या डोक्यांमुळे पाणी मागे फेकणाऱ्या पंपाच्या तोंडात हवा गेली. आणि भोकांतून पाणी." तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "विरारवाले निदान तोंडावर तरी 'काम सोड' म्हणाले. तू मागून भोकं पाडलीस."

ती रिक्षात बसून निघून गेली. धाकूने विडी पेटवली आणि एवढंच म्हणाला, "चुकलास रं पोरा."

पुढचे काही दिवस संघप्रिया गाळ्यात कोणाशी बोलली नाही. टाकी झाली की दुसरी टाकी. घरी आईने पुन्हा विरारचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "बघा तुम्हीच." म्हणाली आणि रात्रभर तिला झोप लागली नाही. उदयवर तिचा जीव जडला होता, हे आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. म्हणूनच तर एवढं लागलं होतं.

आठवड्याने ऐन कामाच्या वेळी टेम्पो दारात येऊन थांबला. उदयने गाडी उतरवली, सगळ्यांसमोर उलटी ठेवली. बोल्ट काढलेले होते, चार भोकं उघडी.

"शेठजी, सब लोग सुनो," तो म्हणाला. गाळ्यातले रोलर थांबले. "संघप्रिया ने मना किया था. मैंने चोरी से छेद किया. इसका काम एक नंबर है, गलती मेरी है." मग तिच्याकडे वळून, मराठीत, "मला लोखंडाशिवाय कशाचा भरवसा वाटत नाही, कारण मी दुसरं काही शिकलोच नाही. शिकव मला. भोकं मी बुजवतो, तू फक्त उभी राहा."

बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. शेठही चष्मा काढून बघत राहिले. एवढ्या माणसांसमोर आपली चूक कबूल करणारा पुरुष तिथे कोणी रोज बघत नव्हतं.

संघप्रियाने हाताची घडी घातली. "घासून घे आधी. कडा उतरत्या कर... अजून. एवढ्याने मॅट धरत नाही." दोन वेळा तिने त्याला काम उचकटून पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा तळावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "चालेल." उदयला वाटलं, एवढं मोठं सर्टिफिकेट आपल्याला आयुष्यात मिळालं नाही.

पुढच्या रविवारी तिने श्रीपतींना सोबत आणलं. "बाबा, माझं काम बघायला चला," एवढंच सांगितलं होतं. उदयने वाळूतच वाकून "जय भीम, काका" केलं. काकांनी 'जय भीम' म्हणत त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

या वेळी इंजिन गरजलं आणि गाडीने नाक वर काढलं. उदय गुडघ्यावरून उठला. उभा राहिला! पाण्याला लांबच लांब रेघ पाडत, वळणावर अंग झोकून देत, तो खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. पोरं पाण्यात धावली.

"कोनी केली ही?" एका म्हाताऱ्या नाखव्याने विचारलं.

उदय धापा टाकत होता. "इंजिन मी बसवलं. पण ते ज्यावर बसलंय, ते हिने केलंय. नुसतं हाताने. कितीही पळवा, सुटत नाही."

सगळ्या माना संघप्रियाकडे वळल्या. श्रीपतींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग घसा खाकरून शेजारच्या नाखव्याला म्हणाले, "माझी मुलगी आहे." आणि थोडं थांबून तिच्या कानाशी, "विरारला मी उद्याच नाही म्हणून कळवतो. हे काम सोडायचं नाही, बाळा."

तिने उदयकडे हात केला. "लाइफ जॅकेट दे. मलाही चालवायचीय."

पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. खारं पाणी थुंकून तिसऱ्यांदा चढली आणि गुडघ्यावर का होईना, सुटली! धाकूची होडी मागे होतीच. संघप्रिया मोठमोठ्याने हसत उथळ पाण्यात गोल गोल फिरत होती. उदय छातीभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, दोन्ही हातांचा कर्णा करून. इंजिनाच्या आवाजात तिला अर्धवट काहीतरी ऐकू आलं... 'माझ्याशी' असं काहीसं.

"काय?" ती ओरडली.

तो पुन्हा दम भरू लागला. संघप्रियाने त्याच्याकडे बघितलं, गालात हसली आणि हळूच हँडलवरचं लाल बटण दाबलं. इंजिन बंद. समुद्र चिडीचूप. आणि त्या शांततेत उदयचा जोरदार आवाज किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला,

"माझ्याशी लग्न करशील काऽऽ?"

बायकांच्या हातातली मासळी हातातच राहिली. धाकूची विडी पाण्यात पडली. उदय कानापर्यंत लाल झाला. किनाऱ्यावर श्रीपती उभे होते, आणि त्यांनीही प्रत्येक शब्द ऐकला होता.

संघप्रिया तरंगत्या गाडीवर गुडघे टेकून ताठ बसली. तिच्या हाताखाली, तिने केलेल्या बैठकीवर ते मोठं इंजिन अजून गरम होतं. तिने भिजकी वेणी मागे टाकली आणि वडिलांना, धाकूला, साऱ्या चौक गावाला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"हो! करीन!"