बलकाचा वाटेकरी

“तो बलक टाकून देणार आहात का?”

सगळे जिला लाडानं ‘मुंगी’ म्हणत, तिनं मान वर केली. नौकानयन शिबिराच्या खानावळीत समोरच्या बाकावर एक अनोळखी तरुण बसला होता. खांद्यावर प्रवासाची बॅग, हातात रिकामी ताटली आणि नजर थेट तिनं काठाला सारलेल्या दोन पिवळ्या बलकांवर.

“का? तुम्हाला हवेत?”

“भूक लागलीय. आणि तिकडची भांडी रिकामी झालीत.”

हसत तिनं ताटली पुढं सरकवली. बलक गायब झाले. मग तो उरलेलं निरखू लागला… अंड्याचा पांढरा भाग, जॅम लावलेला पांढरा पाव आणि वाटीत थरथरणारी लाल जेली.

“एवढ्यावर नाव वल्हवता?”

“नजर लावू नका!”

दुपारी प्रशिक्षकांनी त्यालाच सगळ्यांपुढं उभं केलं. “हे आपले नवे आहारतज्ज्ञ. नावेत कोण बसेल, ते मी यांना विचारून ठरवणार.”

मुंगी हळूच मागच्या रांगेत सरकली.

मुंगी आणि तिची ताई दोघींची नाव वल्हवत. हलक्या वजनाच्या गटात दोघींच्या वजनाची सरासरी ठरावीक आकड्याच्या आत लागते. ताई हाडापेरानं मोठी, आणि संघात जायची तिची ही शेवटचीच संधी. मग कमी कुणी व्हायचं? मुंगीनं गुपचूप तेल, लोणी, बलक, सगळं सोडलं होतं. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तो मात्र रोज सकाळी समोर येऊन बसू लागला.

“आज जेली नको. हे चार अक्रोड घ्या.”

“अक्रोडात तेल असतं.”

“असतं. म्हणून तर आणलेत.”

“मग तुम्हीच खा, आहारवाले!”

ती ते परत सरकवायची. तो पुन्हा पुढं करायचा. कधी बोटं बोटांना लागायची… आणि दोघंही उगाच खिडकीबाहेर बघायची.

एका सकाळी सरावानंतर धक्क्यावर पाय ठेवताच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कुणीतरी दंड घट्ट धरला. तोच होता. ताई वल्ही घेऊन आधीच आत गेली होती, तिनं पाहिलं नाही.

“ताईला सांगू नका,” मुंगी पुटपुटली.

त्यानं तिला पायरीवर बसवलं. “पांढरा पाव झटकन साखर होऊन रक्तात चढतो आणि झटकन ओसरतो. मागं टिकणारं काही नसलं, की अंग असं गळून जातं.”

“पण जेलीत प्रथिनं असतात!”

“असतात, पण अपुरी. स्नायू बांधायला जे तुकडे लागतात, त्यातला एक जेलीत नसतोच. सगळी बटणं आहेत, पण काजं नाहीत, असा सदरा घालाल?”

तिला हसू आलं, पण तो हसला नाही.

“तेल-तुपावाचून काही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. आणि पोटाला एवढं कमी पडलं, की शरीर एकेक काम बंद करतं… पाळी येते वेळेवर?”

तिनं पाण्याकडं बघतच नकारार्थी मान हलवली.

“उद्या वजनं व्हायच्या आत ताईला सांगा,” तो हळू म्हणाला. “नाहीतर मला प्रशिक्षकांना सांगावं लागेल.”

“मला वाटलं, तुम्ही माझ्या बाजूचे आहात.”

“आहेच. म्हणूनच तर—”

वाक्य तिथंच राहिलं. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यापुढं रांग लागली. तो भिंतीशी उभा होता, चेहरा उतरलेला. मुंगीचा नंबर आला. तिनं काट्यावर एक पाय ठेवला… आणि मागं घेतला.

“ताई, मी जेवत नाही गं. तुझ्यासाठी.”

सगळं ऐकून ताईचा चेहरा लालबुंद झाला. “स्वतःच्या पोटाला चिमटा काढून माझ्या वजनाची भरपाई करत होतीस? गाढव कुठली!” मग तिनं मुंगीला घट्ट कवटाळलं आणि तशीच वळली. “सर, आमची नावं खुल्या गटात घाला. तिथं वजन बघत नाहीत.”

“तिथल्या मुली धिप्पाड आहेत. धुव्वा उडेल तुमचा.”

“उडू दे.”

प्रशिक्षकांनी भिंतीशी उभ्या आहारतज्ज्ञाकडं पाहिलं. “ही तयार होईल?”

“वेळ द्या. तोवर पाण्यात नको,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून मुंगीचं ताट त्यानंच ठरवलं. अख्खी अंडी, डाळी, मासे, कोंड्यासकट पिठाचा पाव, अक्रोड. पण समोरच्या बाकावर तो पुन्हा बसला नाही. ती रोज बघायची. तो लांबून मान हलवायचा, बस्स.

काही महिन्यांनी निवडीची शर्यत झाली. शेवटच्या टप्प्यात ताईचे हात जड झाले, पण मुंगीला अंधारी आली नाही, समोरचं पाणी लख्ख दिसत राहिलं. “ओढ, ताई!” ती ओरडत होती. दोन नावा निवडायच्या होत्या, यांची तिसरी आली. राखीव.

“राखीव तर राखीव,” ताई धापा टाकत म्हणाली. “संघात आहोत ना!”

दुसऱ्या सकाळी समोरच्या बाकावर कुणीतरी बसलं. मुंगीनं वर बघितलंच नाही.

“इतके दिवस कुठं होतात?”

“जिला नावेत बसवायचं की नाही ते माझ्या हातात, तिच्याशी… मनातलं बोलणं बरं नव्हतं. आजपासून राखीव मुलींचा आहार दुसऱ्या तज्ज्ञ बाई बघणार आहेत.”

“म्हणजे आम्ही तिसऱ्या आलो, ते तुमच्या पथ्यावर पडलं?”

“हो,” तो कान लाल करून म्हणाला. “लाज वाटते… पण हो.”

तिनं अंडं सोलून दोन भाग केले. जुन्या सवयीनं त्याचा हात बलकाकडं गेला. तिनं त्यावर चापटी मारली, पण आपला हात मागं घेतला नाही.

“हा माझा आहे. तुम्ही तुमचं अंडं आणा… आणि रोज इथंच बसून खा.”