झुंबरबाईच्या नावाला ओ

दैवशाला जाफराबादच्या स्टँडवर उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काम तसं साधंच. पिशवीत एका बाईचा फोटो होता आणि इकडचीच आहे असं कानावर आलेली ती बाई हुडकायची होती. तीर्थपुरीजवळच्या दैवशालाच्या शेताचं खरेदीखत साहेबराव नावाच्या जमिनीच्या दलालाने परस्पर करून घेतलं होतं, आणि विकणारी म्हणून त्यावर हाच फोटो होता. खाली नाव मात्र झुंबरबाईचं, म्हणजे दैवशालाच्या सासूचं. झुंबरबाई तर त्याआधीच मातीआड झाली होती.

आता मेलेली बाई रजिस्ट्री कचेरीत जाऊन अंगठा कसा देईल, असं कुणीही विचारेल. कोर्टानेही विचारलं. पण मेली याचा पुरावा कुठाय? म्हातारी घरीच गेली, आपल्याच शेताच्या कोपऱ्यात माती दिली, भंतेजींनी वंदना घेतली, आणि ग्रामपंचायतीत मरणाची नोंद तेवढी करायची राहून गेली. दुःखात कुणाला सुचतं ते? सातबाऱ्यावर म्हातारी जिवंतच राहिली. साहेबरावाने नेमकं तेवढंच हेरलं. गावाला सगळं ठाऊक होतं, पण त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची म्हटलं की गावाची दातखीळ बसायची.

"ती बाई सापडली तर जमीन तुमची," वकील प्रीतीताई म्हणाल्या होत्या, "नाहीतर कठीण आहे, ताई."

जमीन म्हणजे तरी काय, झुंबरबाईने जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचून घेतलेला तुकडा. तो गेला असता तर दैवशालाला पुन्हा दुसऱ्यांच्याच रानात वाकावं लागलं असतं.

स्टँडवरच्या बद्रीनाथ जीपवाल्याने फोटो पाहिला आणि लगेच ओळखला. "ही तर कौसल्यामावशी. कापसाच्या जिनिंगच्या मागं ऱ्हाती. पन दुपारचं नका जाऊ, ताई. दुपारी ती कोनाला दार उघडत न्हाई."

दैवशाला गेलीच. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा सावली धरून पडली होती, तोंड उघडं, पण धापेचा आवाज नाही. जिनिंगची घरघर मागे राहिली आणि कानात नुसतं ऊन वाजू लागलं. मग वास आला. तव्यावर भाजलेल्या मिश्रीचा, जरासा करपलेला. सासू गेल्यापासून तो वास तिच्या घरात आला नव्हता.

तिने कडीला हात लावायच्या आत दार उघडलं.

"ये," आतली बाई म्हणाली. आवाज घोगरा, फुटक्या मडक्यासारखा. "तुझी सासू सकाळपासून सांगू राह्यली, आज माझी सून येनारे म्हून."

दैवशाला उंबऱ्यातच थबकली आणि आत बघू लागली. घरात कौसल्येशिवाय कुणी नव्हतं. भिंतीकडेला एक पोतं अंथरलं होतं, आणि ते मधोमध दबलेलं होतं, कुणी बसल्यावर दबतं तसं.

"मावशी, तुमी… कोनाबद्दल बोलू राह्यलात?"

"हळू बोल. ऐकती ती." कौसल्येने पदर तोंडावर धरला. "साहेबराव म्हन्ला, नुसतं बसायचं. नाव पुकारलं की ओ द्यायची, अंगठा द्यायचा. म्या म्हन्लं, आसंल कोन्ही आजारी बाई. मला काय ठाव, ती जमिनीखाली झोपेल हाय… भर दुपार व्हती. सायबानं पुकारलं, झुंबरबाई… आन् म्या पैल्याच हाकेला ओ दिली."

दुपारच्या हाकेला पहिल्यांदा ओ देऊ नये, ती कुणाची असेल सांगता येत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. त्यात मेलेल्याच्या नावाला ओ द्यायची म्हणजे चालत्या वाटेवरचं काहीबाही घरात बोलावून घेणं. पण कचेरीत पंखा असतो, साहेब असतो, संगणक असतो. तिथे कुणाला आठवणार?

"तवापासून येती," कौसल्या म्हणाली. "काय करत न्हाई बिचारी. तिथं बसती. आन् एवढंच म्हंती… माझं नाव दे."

दैवशाला पोत्याकडे बघत राहिली. गंमत अशी, की भुतंबितं नसतात हे तिला शिकवलं होतं ते झुंबरबाईनेच. 'भ्यायला मानसं काय कमी हायेत का,' म्हणायची म्हातारी. आणि आता स्वतःच इथे परक्या घरी, आपल्या नावासाठी ताटकळत बसली होती. दैवशालाची भीती कुठल्या कुठे गेली आणि तिला रडूच फुटलं.

"मावशी, कोर्टात येऊन सांगसाल का?"

"जेल झाली तर होऊ दे. पन हिला घिऊन जा. तुझं मानूस हाय, तूच बोलव."

दैवशालाने डोळे पुसले. "आत्याबाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "चला. तुमचं नाव माघारी घ्यायला कोर्टात जाऊ."

दबलेलं पोतं हळूहळू वर आलं.

पुढे कौसल्या साक्षीला उभी राहिली. "कागदावरची झुंबरबाई म्या न्हाई. म्या कौसल्या. अंगठा माझा, नाव त्या माउलीचं," असं भरल्या कोर्टात म्हणाली. तपासात अंगठा तिचाच निघाला, खरेदीखत रद्द झालं, आणि साहेबरावावर गुन्हा दाखल झाला. निकालाच्या दिवशी तो कोर्टाच्या दारात उभा होता. दैवशाला बाहेर पडताना तो बाजूला सरकला. ती गेल्यावरही तो जागचा हलला नाही, भिंतीला आणखी चिकटला आणि खाली मान घालून आणखी कुणालातरी वाट दिली. मागे तर कुणीच नव्हतं.

कोर्टाच्या आवारातच दैवशालाने कौसल्येला नवं लुगडं दिलं. "तुमचे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत, मावशी."

"माझेच फिटायचे न्हाईत," कौसल्या म्हणाली. "घर मोकळं झालं माझं." दोघी गळ्यात पडून रडल्या.

मग कौसल्येच्या लेकीचा, मोनालीचा, फोन आला. "ताई, कोर्टातून आल्यापून आईचा आवाजच गेलाय. डाक्टर म्हंतो घसा बराबर हाय. पन ती खूश हाय, ताई. दुपारची गाढ झोपती. हसत ऱ्हाती नुसती."

दैवशालाला वाईट वाटलं. एवढ्या साक्षीचा ताण आला असेल, तिने मनाशी म्हटलं, रविवारी भेटून येऊ.

त्याच दिवशी दुपारी ती शेतात गेली. तुरीला शेंगा धरल्या होत्या. आपल्या जमिनीवर उभं राहायचं सुख काय असतं ते तिला पहिल्यांदाच इतकं कळत होतं, आणि ऊर भरून येत होता. कोपऱ्यातल्या मातीपाशी जाऊन तिने हात जोडले.

"लई केलं तुमी, आत्याबाई," ती म्हणाली. "आता निवांत व्हा."

वारा पडला. करपलेल्या मिश्रीचा वास आला. आणि अगदी कानाशी, मायेने, कुणीतरी म्हणालं, "उन्हाची कशाला उभी राह्यलीस, पोरी? पानी पी."

तिने मागे वळून पाहिलं नाही. बोलणं सासूचं होतं, पण आवाज कौसल्येचा होता.